शिक्षकी पेशातील भावनिक श्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक प्रशिक्षणांत, शिक्षण परिषदांत (आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या मासिक बैठकांत) आणि मधल्या सुट्टीतील बोलण्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांमागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. मुलांशी शांतपणे, मायेने आणि न्यायाने वागणे हा शिक्षकाचा जन्मजात गुण समजून इतरांना मोकळे होता येणार नाही. ते काम आहे, त्याला वेळ आणि शक्ती लागते, आणि म्हणून शाळेने ते मोजले पाहिजे व वाटून घेतले पाहिजे.

भावनिक श्रम म्हणजे काय, आणि शिक्षकाच्या कामात ते कोठे येतात?

नोकरीची गरज म्हणून स्वतःच्या भावना आवरणे, बदलणे किंवा ठरावीक तऱ्हेने व्यक्त करणे याला भावनिक श्रम म्हणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. त्यांच्या अभ्यासात एका बाजूला प्रवाशांना हसतमुखाने सांभाळणाऱ्या विमानातील सेविका होत्या आणि दुसऱ्या बाजूला थकबाकीदारांवर दबाव आणणारे वसुली कर्मचारी होते. पहिल्यांना मृदूपणाचा पगार मिळत होता, दुसऱ्यांना कडकपणाचा.

शिक्षकाला ही दोन्ही कामे एकाच तासिकेत करावी लागतात. तीनदा सांगूनही गृहपाठ न आणणाऱ्या मुलाशी करड्या आवाजात बोलायचे आणि त्याच क्षणी शेजारच्या बाकावरची, कालच दाखल झालेली मुलगी घाबरू नये म्हणून चेहरा सैल करायचा. तेवढ्यात दाराशी तावातावाने आलेल्या पालकांना नम्रपणे थांबवायचे आणि वळून पुन्हा अपूर्णांकांची बेरीज पहिल्याइतक्याच उत्साहाने पुढे न्यायची. यातला एकही भाग टाचणवहीत (पाठाच्या नियोजनाच्या वहीत) लिहिला जात नाही, पण दिवसाअखेरीस जो थकवा येतो त्यातला मोठा वाटा याचाच असतो.

मनापासून शिकवणाऱ्याला हे श्रम जाणवतच नाहीत, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. हॉकशील्ड यांनी भावना सांभाळण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एकीत माणूस आतून वैतागलेला असतो आणि चेहऱ्यावर फक्त प्रसन्नता आणतो. दुसरीत तो समोरच्याची बाजू समजून घेऊन स्वतःची भावनाच बदलण्याचा प्रयत्न करतो. रोज उशिरा येणाऱ्या मुलाकडे पाहून ओठ घट्ट मिटून हसणे ही पहिली तऱ्हा. हा मुलगा धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून दीड किलोमीटर चालत येतो, हे लक्षात घेतल्यावर रागच ओसरणे ही दुसरी. पुढच्या संशोधनातून पहिल्या तऱ्हेचा संबंध थकव्याशी आणि कामावरचे मन उडण्याशी अधिक असल्याचे वारंवार दिसले आहे.

तरीही दुसरी तऱ्हा फुकट मिळत नाही. चाळीस मुलांच्या घरची परिस्थिती ठाऊक असणे, ती लक्षात ठेवणे आणि नेमक्या क्षणी आठवणे हे कष्टाचे काम आहे. जो शिक्षक मनापासून शिकवतो तो हे कष्ट अधिक करतो, आणि त्याची झीज इतरांना उशिरा दिसते.

हे श्रम सर्वांच्या वाट्याला सारखेच येतात का?

नाही. रडणारे मूल, मासिक पाळी आलेली मुलगी, डबा न आणलेला विद्यार्थी, नाराज आई हे सारे बहुतेक शाळांत आपोआप बाईंकडे पाठवले जाते. मारामारी, दमदाटी आणि गावातील पुढाऱ्यांशी बोलणे सरांकडे जाते. ही वाटणी कोणी ठरवलेली नसते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला विचारताही येत नाही. पहिलीच्या वर्गशिक्षिकेचे काम सोपे समजले जाते. प्रत्यक्षात सहा वर्षांची तीस मुले घरापासून तुटून जेथे प्रथम बसतात तो हा वर्ग आहे.

द्विशिक्षकी शाळेची अडचण वेगळी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत साठपर्यंत पटाला दोन शिक्षक असतात. त्यांपैकी एक रजेवर, बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात आणि दिवसभरात दोन मिनिटे एकटे बसण्याचीही सोय उरत नाही. विनाअनुदानित शाळांत यात नोकरीच्या असुरक्षिततेची भर पडते. तेथे पालक म्हणजे फी भरणारे ग्राहक, त्यांची तक्रार थेट संस्थाचालकांकडे जाणार, आणि म्हणून अपमान गिळून हसत राहणे हीच अपेक्षा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली अशा शिक्षकांनी वाचून ठेवावी. आपल्याला कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या पद्धतीने काढता येते व येत नाही हे माहीत असले की भीती काही प्रमाणात तरी कमी होते.

वर्गात राग अनावर झाला तर काय करावे? शांत राहायचे म्हणजे राग दाबूनच टाकायचा का?

राग येणे गैर नाही, पण तो मुलावर काढणे गैर आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केली आहे. त्यामुळे ‘हात उगारला नाही, फक्त चारचौघांत बोललो’ हा बचाव होऊ शकत नाही. सगळ्या वर्गासमोर मुलाच्या जातीचा, घरचा, रंगाचा किंवा बापाच्या दारूचा उल्लेख करणे हे छडीपेक्षा खोल जाते आणि मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

प्रत्यक्षात काय करता येते ते सांगतो. राग चढतो आहे असे जाणवताच बोलणे थांबवावे, फळ्याकडे वळावे आणि पुढचे उदाहरण सावकाश लिहावे. फळ्यावर दोन ओळी लिहीपर्यंत श्वास बराचसा जागेवर येतो, आणि मुलांनाही काहीतरी बदलले हे कळते. त्यानंतर आवाज चढवण्याऐवजी उतरवावा. ‘मला आत्ता राग आला आहे, म्हणून आत्ता बोलत नाही, मधल्या सुट्टीत तू माझ्याकडे ये’ हे वाक्य पाचवीच्या पुढच्या मुलांना नीट समजते. यात राग लपवलेला नसतो आणि मुलाची शोभाही झालेली नसते. मात्र मधल्या सुट्टीत खरोखर बोलले पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहत नाही.

काही शाळांतील शिक्षकांनी आपसात एक साधी सोय करून घेतली आहे. एखाद्या मुलाला शेजारच्या वर्गात ‘सर, खडूचा डबा मागितलाय’ असा निरोप देऊन पाठवले की शेजारचे सर कारण न विचारता येतात आणि पाच मिनिटे वर्ग सांभाळतात. तेवढ्यात ज्याला गरज आहे तो शिक्षक बाहेर जाऊन पाणी पिऊन येतो. ही सोय आधी ठरवलेली असावी लागते, कारण ऐन वेळी मदत मागण्याचा संकोच बहुतेकांना वाटतो.

राग कधी येतो याची नोंदही ठेवून पाहावी. पुष्कळ शिक्षकांना असे आढळते की तो मुलांच्या खोडीपेक्षा वेळेशी अधिक बांधलेला आहे: पोषण आहारानंतरची पहिली तासिका, शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवट, किंवा कार्यालयातून ‘आजच्या आज माहिती भरा’ असा संदेश आल्यानंतरची दहा मिनिटे. ते ध्यानात आले की त्या वेळेला लेखनाचे, चित्राचे किंवा गटकामाचे नियोजन ठेवता येते.

मुलावर विनाकारण ओरडलो असे नंतर वाटले, तर माफी मागावी का? अधिकार कमी होत नाही का?

मागावी, आणि ओरडणे चारचौघांत झाले असेल तर माफीही चारचौघांतच मागावी. ‘काल मी तुला ऐकून न घेता बोलले, ते चुकले’ एवढे पुरे. लांबलचक स्पष्टीकरण दिले की मुलालाच शिक्षकाची समजूत काढावी लागते, आणि ते ओझे त्याच्यावर टाकू नये.

एखाद्या मुलाने घरची गंभीर गोष्ट सांगितली तर काय करावे? ऐकून मनावर आलेला ताण कसा हलका करावा?

अशी गोष्ट क्वचितच ठरवून सांगितली जाते. सातवीतील मुलगी वह्या ठेवण्याच्या निमित्ताने मागे थांबते, टेबलाच्या कडेवर नख ओढत राहते आणि विचारते, ‘बाई, आज मी उशिरा घरी गेले तर चालेल का?’ अशा वेळी घड्याळाकडे न पाहता बसायला सांगावे, दार उघडे ठेवावे आणि ‘घरी जायला नको वाटतंय का?’ इतकेच विचारून थांबावे. ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे. ‘तुझी काही चूक नाही’ आणि ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ ही दोन वाक्ये त्या क्षणी पुरेशी असतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ते मोडावे लागले तर मुलीचा पुन्हा कोणावर विश्वास बसणार नाही. त्याऐवजी ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगेन’ असे म्हणावे.

लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. चौकशी करून खात्री पटवणे हे शिक्षकाचे काम नाही. मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नये, तिचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवावेत, आणि तिचे नाव शिक्षक दालनात चर्चेला येऊ देऊ नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो; पुढे काय करावे हे शिक्षकही तेथे विचारू शकतात.

सगळ्या गोष्टी कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. वडिलांचे पिणे, आईचे माहेरी निघून जाणे, विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या गावात कर्जापायी वडिलांनी जीवन संपवल्यानंतर तेराव्या दिवशी शाळेत परतलेले मूल. येथे शिक्षकाला परिस्थिती बदलता येत नाही, आणि सर्वात जड तेच जाते. त्या मुलाला पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारून उभे न करणे, गृहपाठाची सवलत गाजावाजा न करता देणे, त्याच्या मित्राला शेजारी बसवणे एवढे आपल्या हातात असते आणि ते थोडे नाही.

ऐकलेले सारे स्वतःजवळ ठेवून झोप लागत नाही. मुलाची ओळख न उघडता एका विश्वासाच्या सहकाऱ्याशी त्याबद्दल बोलावे. शाळेला समुपदेशक असेल तर तो केवळ मुलांसाठी आहे असे समजू नये.

दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. शिकवलेले वाया गेल्यासारखे वाटते. हे दुःख करण्यासारखे आहे का?

आहे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कित्येक शिक्षकांना हा अनुभव दरवर्षी येतो. जूनपासून खपून दुसरीच्या मुलीला जोडाक्षरे वाचता येऊ लागतात, टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते तेव्हा ती पुन्हा अक्षर अक्षर चाचपडते. त्यातच चाचणीचे निकाल विचारले जातात आणि घसरण शिक्षकाच्या नावावर लागते. दुःख आणि अपराधीपणा यांची गल्लत होते ती येथे. मुले गावीच राहावीत म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी पालकांशी वेळेत बोलणे, दुसऱ्या ठिकाणी शाळा चालू राहावी यासाठीचे शिक्षण हमी कार्ड भरून देणे, कारखान्यावरच्या शाळेशी फोनवर संपर्क ठेवणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे. स्थलांतराची जबाबदारी त्याची नाही. गैरहजर मुलांच्या घसरणीचा हिशेब वेगळा मांडावा, अशी मागणी शिक्षण परिषदेत करण्यास काहीच हरकत नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर रात्रीही संदेश येतात. उत्तर न दिल्यास उर्मटपणा वाटेल अशी भीती वाटते.

रात्री साडेनऊला ‘मॅडम, माझ्या मुलालाच कमी मार्क का?’ असा संदेश येतो आणि त्याखाली चार पालकांचे अंगठे उमटतात. उत्तर लिहून, खोडून, पुन्हा लिहिण्यात अर्धा तास जातो. अशा वेळी सर्वांसमोर खुलासा देऊ नये. ‘उद्या शाळा सुटल्यावर भेटूया, उत्तरपत्रिका काढून ठेवते’ असे सकाळी त्या पालकांना वैयक्तिक कळवावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम शाळेने करावा, एकट्या शिक्षिकेने नव्हे. समूह फक्त सूचनांसाठी, एका मुलाविषयीचे बोलणे समक्ष, आणि सायंकाळी अमुक वेळेनंतर उत्तर मिळणार नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने जूनमधल्या पहिल्या पालकसभेत सांगितले की कोणा एकीवर उर्मटपणाचा शिक्का बसत नाही.

अशैक्षणिक कामांचा भावनिक श्रमांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. संयमाला ताजेपणा लागतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई केली आहे, आणि अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरताना तयारीचा वेळही त्यात मोजला आहे. प्रत्यक्षात तयारीचा वेळ पोषण आहाराच्या नोंदी, सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवरची माहिती, छायाचित्रे चढवणे आणि मतदार याद्या यांत जातो. मुलाशी दहा मिनिटे निवांत बोलायला हवे होते ती दहा मिनिटे नेमकी येथे खर्ची पडतात, आणि वर मुलांना प्रेम मिळत नाही असे शिक्षकालाच ऐकवले जाते. हे अन्यायाचे आहे, आणि संघटनांनी वेतनाच्या मागण्यांइतक्याच जोराने ते मांडले पाहिजे.

मुख्याध्यापक काय करू शकतात?

पुष्कळ काही, आणि बहुतेकाला पैसे लागत नाहीत. कोणत्या शिक्षकाकडे किती अवघड प्रसंग गेले याची आठवड्याला उजळणी करावी आणि एकाच बाईंकडे सगळे येत असेल तर ते वाटावे. एखाद्याला कठीण प्रसंगानंतर लगेच पुढच्या वर्गावर पाठवू नये. तो तास मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावा. सर्वांत आव्हानात्मक वर्ग दरवर्षी त्याच शिक्षकाला ‘तुम्हालाच जमतं’ म्हणून देणे थांबवावे. हे कौतुक पुष्कळांना नाकारता येत नाही आणि त्यातच ते मोडतात.

पालक भांडायला आले असता शिक्षकाच्या शेजारी उभे राहणे हे मुख्याध्यापकांचे सर्वांत मोठे काम आहे. चूक शिक्षकाची असेल तर ती नंतर एकांतात सांगावी. गावासमोर एकदा एकटा पडलेला शिक्षक पुढे मुलांमध्ये जीव गुंतवायला कचरतो, आणि याचे नुकसान मुलांचेच होते.

लहान शाळांत दोघेच शिक्षक असल्यामुळे हे सारे केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, करावे लागेल. दरमहाच्या शिक्षण परिषदेतील अर्धा तास अहवाल बाजूला ठेवून अशा प्रसंगांवर बोलण्यासाठी राखला, आणि तेथे बोललेले तेथेच राहील हे केंद्रप्रमुखांनी पाळले, तर एकाकीपणा बराच कमी होईल.

योग, ध्यान किंवा ताणमुक्तीचे शिबिर पुरेसे नाही का?

ज्याला त्याचा उपयोग होतो त्याने जरूर करावे. पण कामाची मांडणी तशीच ठेवून शिक्षकाला केवळ श्वासावर लक्ष द्यायला सांगणे म्हणजे दोष त्याच्याच मनात शोधणे होय. उन्हाळ्याच्या सुट्टीत सक्तीने भरवलेले ताणमुक्तीचे शिबिर तर ताण वाढवते.

हा नुसता थकवा आहे की त्यापुढचे काही, हे कसे ओळखावे?

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तीना मास्लाक यांनी बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याच्या, तीन खुणा सांगितल्या: भावनिक दृष्ट्या रिते होणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. वर्गात याचे रूप असे दिसते: डिसेंबर आला तरी मुलांची नावे लक्षात राहत नाहीत, वह्या न वाचता बरोबरच्या खुणा होतात, मूल रडले तर वाईट वाटण्याऐवजी ‘झालं सुरू’ एवढेच मनात येते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र हे दिसल्यावर कामाची वाटणी बदलण्याविषयी बोलायलाच हवे.

दिवाळीची सुट्टी घेऊनही मन उभारी धरत नसेल, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरच हवेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. उपचार घेतल्याचे संस्थेला कळेल या भीतीने अनेक जण थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

शाळेत शांत असते, पण घरी स्वतःच्या मुलांवर चिडते. काय करावे?

दिवसभराचा संयम घरी संपतो, हे अनेक शिक्षिका सांगतात. शाळा आणि घर यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटांची जागा शोधावी: एक थांबा आधी उतरून चालणे, घरी पोहोचताच थोडा वेळ कोणी काही विचारू नये असे सांगून ठेवणे. अर्थात, शिक्षिका घरी परतते तेव्हा स्वयंपाकघरात तिचीच वाट पाहिली जात असेल तर ही सूचना निरर्थक ठरते. हा प्रश्न मग घरातील इतरांना विचारायला हवा.

नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाने सुरुवातीला कशाकडे लक्ष द्यावे?

शिक्षण सेवकाची तीन वर्षे मानधनावरची असतात. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला दरमहा १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये असे ते मानधन आहे. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहून या रकमेत भागवताना मन आधीच ओढलेले असते, आणि नवा म्हणून सगळी जास्तीची कामे त्याच्याकडे येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाचे सगळे दुःख आपणच दूर करावे असे वाटते. त्याऐवजी वर्गातील दोन-तीन मुले निवडावीत ज्यांना या वर्षी आपली खरी गरज आहे, त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे, आणि बाकीच्यांशी फक्त न्यायाने व नियमितपणे वागावे. शाळेतील ज्या अनुभवी बाई किंवा गुरुजींचा वर्ग ओरडल्याशिवाय शांत असतो, त्यांच्या वर्गात परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसावे. मुले गोंगाट करू लागतात तेव्हा ते पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करतात, कोणाकडे पाहतात, कोठे जाऊन उभे राहतात, हे टिपून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात करून पाहावे.